रंगाखालचे जोड पाहायला भिलाईला

"भिलाईत पोलाद होतं ना गं? मग तुमच्या अणुविजेचं तिकडं काय काम?" मी निघताना आईनं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. भिलाईत अणुवीज केंद्र नाही, आसपासही नाही. तरी एका अणुवीज केंद्राच्या परवान्यासाठी मी मुंबईहून दुर्गच्या गाडीत बसले होते.

त्या केंद्राचं नाव लिहीत नाही, ती आमच्या कामाची शिस्त आहे. पण पद्धत सांगते. केंद्राला परवाना ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपत आली की पुन्हा मागावा लागतो. केंद्रवाले लिहून देतात की काय झिजलं, काय बदललं, काय बदलणार. आमचं नियामक कार्यालय त्यावर प्रश्न विचारतं, उत्तरं येतात, उत्तरांवर पुन्हा प्रश्न जातात, समित्या बसतात. अशाच एका उत्तरात एक ओळ होती. संकटाच्या वेळी अणुभट्टी थंड करणारं पाणी ज्या पाइपांतून जातं, त्यांचे जुने लोखंडी आधार काढून नवे बसवत आहोत. नव्यांतले काही बसवून झाले होते, शेवटचे चार भिलाईजवळच्या एका छोट्या कारखान्यात तयार होते.

"ओळ वाचली," आमचे पाठक सर म्हणाले, "आता लोखंड बघून येऊ."

माझे वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या यंत्रमागावर राबले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी लाजत नाही, मिरवत सांगते. या वेळी सरांनी गाडीतच सांगून टाकलं होतं, "तपासणी तू करायची. मी फक्त पंख्याखाली बसणार."

दुर्गला उतरून टॅक्सी केली. भिलाईचे रस्ते इतके रुंद आणि झाडं इतकी शिस्तीत उभी की इचलकरंजीच्या माणसाला चुकल्यासारखं होतं. हुडको वसाहतीत एका गाड्यावर न्याहारीला थांबलो. चीला (तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं) आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. दोन संपवून मी बोटं चाटत होते, तेवढ्यात गाड्यावरच्या बाईनं विचारलं, "अउ लेहू का?" (आणखी घेणार का?) सरांना साखरेचा आजार, पण त्यांनी माझ्याआधी ताटली पुढे केली.

कारखाना उतईच्या रस्त्याला होता. भात कापून झालेली शेतं, जागोजाग पैऱ्याचे (भाताच्या पेंढ्याचे) ढीग, आणि मध्येच एक पत्र्याची शेड. फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंच्या विटांना चुना लावलेला, कुंड्यांना गेरू. मालक मेश्राम फाटकातच उभे होते. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा माणूस. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून पोलाद कारखान्यात कामाला आले, मुलानं वेल्डिंग शिकून स्वतःची शेड टाकली. अणुवीज केंद्राचं त्यांचं हे पहिलंच काम.

"जय भीम, या या! कसे दिसून राहिले पाहा," म्हणत त्यांनी आत नेलं.

चारही आधार ओळीनं मांडले होते. आकाशी रंगाचे, आरशासारखे चकचकीत. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खरोखरच पंख्याखाली जाऊन बसले.

"मेश्रामभाऊ, हे रंगवले कधी?"

"काल ना! तुम्ही येऊन राहिले मनून. आमच्या भिलाईत मोठे साहेब येनार म्हटलं का पहिले चुना-गेरू, मंग बाकीचं. दोन हात मारले, ताई. घाईगर्दी नाही केली."

"पण आम्ही जोड बघायला आलोय."

"मंग पाहा ना बाप्पा, कोन अडवते?"

"रंगाखालचे."

त्यांचं हसू तिथंच थांबलं. वेल्डिंगचा जोड उघडा असतानाच तपासायचा असतो. रंगाच्या थराखाली बारीक चीर असली तर ती ना डोळ्याला दिसते, ना चाचणीला. केंद्राकडून आलेला नायर नावाचा तरुण इंजिनिअर मध्ये पडला. "मैडम, पेंट से पहले का टेस्ट रिपोर्ट है ना. ट्रक परसों निकलना है. लेट हुआ तो पूरा शटडाउन लंबा खिंचेगा." त्याचंही खरं होतं. आधार बसल्याशिवाय केंद्र सुरू होणार नव्हतं, आणि केंद्रावर रोज साहेबांचे फोन तोच घेत होता.

मी म्हणाले, "रंग काढा."

"म्हंजे मी झाकलं म्हनता तुम्ही?" मेश्रामांचा आवाज चढला.

"मी तसलं काहीच म्हणत नाही. मला दिसत नाही, एवढंच म्हणतेय."

 मेश्राम आत जाऊन स्वतःच रंग काढायचं द्रावण घेऊन आले. ग्राइंडर मी लावू दिला नाही. तो फिरला की चिरेचं तोंडच बुजून जातं. द्रावण लावून वाट बघायची आणि कापडानं पुसायचं, हाच मार्ग.

तेवढ्यात मागच्या घरातून मेश्रामांच्या आई, शांताबाई, चहाची किटली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी घाईनं दोन्ही हात हलवले, "नको नको, आमचं सगळं आहे बरोबर." कार्यालयाचा नियमच आहे, जिथं तपासणी तिथला चहा-फराळ घ्यायचा नाही. पाणीही मी त्याच ओघात नाकारलं होतं.

शांताबाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाठक सरांकडे. "कावून वो बाई? आमच्या घरचं पानीबी नाही चालत का तुमाले?"

त्यांचा प्रश्न जातीचा होता, हे माझ्या ध्यानात आलं. माझ्याआधी सर उठले. तांब्या घेतला, एक पेला प्यायले, दुसरा भरून मला दिला. मीही घटाघटा प्यायले.

"पाण्याला कसलाच नियम नाही, आई," सर म्हणाले. "चहा-जेवण तेवढं नको. उद्या तुमच्या पोराचं काम पास झालं तर लोक म्हणतील, आईच्या हातचं जेवले आणि सही करून आले."

"आनि नापास झालं तं?"

"तर म्हणतील, भाजी खारट होती."

शांताबाई इतक्या हसल्या की किटली खाली ठेवावी लागली. "लय वांड आहे हा साहेब," त्या मुलाला म्हणाल्या आणि तिथंच स्टुलावर बसल्या, निकाल पाहायला.

रंग निघाला. जोड पुसून त्यांवर लाल द्रव लावला. तो चिरेत शिरायला वेळ द्यायचा, मग वरचा लाल पुसून टाकायचा आणि पांढरी फवारणी करायची. चीर असली तर पांढऱ्यावर लाल उमटतं. पहिला आधार स्वच्छ. दुसराही. मी तिसऱ्यावर वाकले होते, नायर ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होता.

"ताई, इकडं पाहा."

मेश्राम चौथ्याजवळ उकिडवे बसले होते. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली होती.

नायर धावत आला. "ये तो स्क्रैच होगा, भैया."

"नाही साहेब," मेश्राम म्हणाले. "स्क्रैच नाही, चीर आहे. माह्या हातचा जोड आहे, मले समजते."

 स्टुलावरून शांताबाई म्हणाल्या, "मी तं म्हनत होती, निळाच चांगला दिसून राहिला होता." मेश्रामांना त्याही स्थितीत हसू आलं.

कारण शोधलं तेव्हा सापडलं. जाड लोखंडाचा जोड पूर्ण निवल्यावरही थोडा काळ थांबून तपासायचा असतो, कारण काही चिरा उशिरा पडतात. कामाच्या करारात ते लिहिलंच नव्हतं आणि पहिली चाचणी गरम-गरमच उरकली होती. तिसरा आधार स्वच्छ निघाला. चौथ्याचा जोड तळापर्यंत खरवडून पुन्हा भरायचं ठरलं. म्हणजे आता थांबणं आलं.

मधला दिवस मोकळा होता म्हणून आम्ही बसनं अहिवाऱ्याला जाऊन आलो. तिकडं चुनखडीच्या खाणी. रस्त्याकडेची झाडं पानापानांवर पांढरी. आमच्या बसचं चाक भर रस्त्यात पंक्चर झालं आणि मागून आलेल्या चुनखडीच्या ट्रकनं सरांचा काळा कोट पांढरा करून टाकला. "आता मलाही उघडं करून तपास," ते म्हणाले. बसमधले सगळे हसले, कारण न कळताच.

पुन्हा कारखान्यात गेलो तेव्हा विटांचा चुना जागेवर होता, आधार मात्र उघडे, राखाडी, जसे असायला हवेत तसे. लाल लावलं, पुसलं, पांढरं मारलं. आम्ही सगळे जोडावर वाकून उभे. पांढरं पांढरंच राहिलं. मेश्रामांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. नायरनं थेट ट्रकवाल्याला फोन लावला. मी सही केली.

गोष्ट इथं संपली असं मला परतीच्या गाडीत वाटलं होतं.

मुंबईत समिती बसली. केंद्रानं आमच्या तपासणीला उत्तर पाठवलं होतं. आधी बसवलेले आधार रंग काढून पुन्हा तपासू, हे बरोबर. करारात थांबण्याची अट घालू, हेही बरोबर. आणि तिसरं: सदोष जोड आढळल्यामुळे हा पुरवठादार यापुढे बंद. म्हणजे मेश्रामांचं पहिलं काम हेच शेवटचं.

माझ्या टिपणात मी एक वाक्य लिहिलं होतं: चीर प्रथम कारखान्याच्या मालकानं स्वतः दाखवली. अध्यक्षांनी त्यावर पेन्सिल टेकवली. "हे कशाला? कौतुक झालं, तपासणी नव्हे. काढून टाका."

पाठक सर चष्मा पुसत बसले. मला कळलं, इथंही मीच बोलायचंय.

"सर," मी म्हणाले, "परवाना दिला की पुढची कित्येक वर्षं आपण तिथं रोज नसणार. तेव्हा कुणाला चीर दिसली तर तो हाक मारेल की वर रंग मारेल, हे आपण सगळ्यात आधी तपासायला हवं. ज्यानं हाक मारली त्यालाच आपण घरी बसवलं, तर पुढचा कोण मारणार?"

माझा आवाज जरा मोठाच लागला होता. अध्यक्षांनी केंद्राचं उत्तर पुन्हा वाचलं. मग त्यांनी केंद्राच्या माणसांना विचारलं, "जोड निवल्यावर थांबून तपासायचा, हे त्याला कुणी सांगितलं होतं?"

"करारात उल्लेख नव्हता, सर."

"करार तुमचा. मग बंद करायचं तर आधी तुम्हालाच करावं लागेल," ते म्हणाले. "पहिली दोन उत्तरं मान्य. तिसरं मागे घ्या. वाक्य राहू द्या."

केंद्रानं तिसरं मागे घेतलं, आधी बसवलेले आधार एकेक करून उघडे तपासले, आणि मग परवाना वाढवून मिळाला. भिलाईला दुसरं कुणी गेलं असतं, तरी ते सगळे कागद मी मुंबईत बसून वाचले असतेच. त्यांत मला लाल रेघ दिसली असती. तिच्याकडे बोट दाखवणारा माणूस दिसला नसता.