चित्रात नसलेली चादर

"रिपोर्टवर सही करा मॅडम, म्हणजे याला आजच घरी पाठवतो," मालक म्हणाले. 'याला' म्हणजे नरसय्याला. वीस वर्षं कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा हा फिटर दारातच उभा होता. मी पेनाचं टोपण काढलं होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. लूमवर आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकायला एक काठी असते. ती ज्या लोखंडी ब्रॅकेटवर बसते ते सारखं तुटत होतं, आणि तेही फक्त ऑफिसला लागून असलेल्या चार लूमचं. मालकांचं म्हणणं, नरसय्या ब्रॅकेटचे बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळतो. ते तपासायला त्यांनी मला बोलावलं होतं.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची, नुकतीच डॉक्टरेट मिळाली होती. तेव्हा मला जगात दोनच गोष्टी दिसत: माझं मॉडेल आणि लोकांचं अज्ञान. मॉडेल म्हणजे, वस्तूचे कॉम्प्युटरवर हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकावर किती ताण येतो ते काढायचं. जास्त ताण लाल, कमी ताण निळा. ब्रॅकेट मी ऑफिसात मागवून टेबलावर मोजलं होतं, बाकीचा लूम छापील ड्रॉइंगवरून घेतला होता. शेडमध्ये आवाज लई, आणि ऑफिसात चहा मिळे.

माझं ब्रॅकेट छान निळं-हिरवं आलं. म्हणजे काठीच्या टोल्यानं ते तुटणं शक्य नव्हतं. मग उरला नरसय्या. तसं मी चार पानी रिपोर्टात इंग्रजीत लिहिलं, कलर प्रिंटसकट.

"चित्र एकदा बघू का मॅडम?" नरसय्यानं विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" मालक म्हणाले.

मी मोठ्या मनानं कागद दिला. त्यानं खाली बोट ठेवलं. "हे लूमचे पाय की. हितं निळं का?"

"पाय जमिनीला फिक्स्ड धरलेत. हलत नाहीत."

"आमचे हलतेत की."

"कसे हलतील? बोल्ट आहेत ना?"

"बोल्ट हायत. पण खाली चादर हाय."

मी शेडमध्ये गेले. इस्त्रीच्या साडीनिशी फरशीवर गुडघे टेकले. चारही लूमच्या पायांखाली जुन्या चादरीच्या घड्या होत्या. तेल पिऊन कुठं दबलेल्या, कुठं फुगलेल्या. बाकीच्या लूमखाली काही नव्हतं.

"हे कुणी घातलं?"

नरसय्या छताकडं बघू लागला.

"मीच घालायला लावलं," मालक म्हणाले. "यांच्या धडधडीत फोनवर समोरच्याचं ऐकू येत नव्हतं."

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?" मी नरसय्याला विचारलं.

"तुमी बोल्टचं विचारलं. पायाचं कुटं विचारलं?"

सही न करताच रिपोर्ट परत नेला. मॉडेल पुन्हा चालवलं. या वेळी पाय फिक्स्ड न धरता खाली स्प्रिंग दिल्या, घडीसारख्या कमी-जास्त दबणाऱ्या. प्रत्येक टोल्याला लूमचा सांगाडा पिळला जाऊ लागला आणि ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटला. तडा नेमका तिथंच जायचा.

चादरी काढल्या, पायांचे बोल्ट पुन्हा घट्ट बसवले. ब्रॅकेट तुटायचं थांबलं. नरसय्या कामावर राहिला. फोन आला की मालक बाहेर लिंबाखाली जाऊन बोलू लागले. नव्या रिपोर्टात मी 'चूक' हा शब्द वापरला नाही, 'सुधारित गृहीतक' असं लिहिलं. डॉक्टरेट वाया गेली नाही.

पाय जमिनीला टेकलेत असं सांगितलं की कॉम्प्युटर मान डोलावतो, वाकून बघत नाही. पण त्याला गुडघे नसतात. माझे तर तेव्हा चांगले होते.