खापरपणजोबांची पाटी

त्र्याण्णव साली आम्ही अमेरिकेत नोव्हाय गावी राहायला गेलो, तेव्हा शेजारी एक अमेरिकन गृहस्थ होते. त्यांच्या बोलण्यातले सगळे रस्ते खापरपणजोबांकडे जायचे. बर्फ पडला की, "त्यांनी सहा हिवाळे लाकडाच्या खोपटात काढले." मी टोमॅटो लावले की, "त्यांनी एकट्याने इथलं जंगल तोडून गहू पिकवला." हा गहू पिकायचा तो खुर्चीत बसून, आणि तेवढ्यात त्यांचं लॉन पगारी माणूस कापून जायचा.

कोपऱ्यावर खापरपणजोबांच्या नावाची पाटी लागावी म्हणून त्यांना शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. एका रविवारी ते आम्हा नवराबायकोला घराण्याच्या दफनभूमीत घेऊन गेले. एका आडव्या दगडावर ऐसपैस बसून, कॉफीचा कप शेजारी ठेवून ते खापरपणजोबांचा उभा दगड ब्रशने घासू लागले.

"नऊ मुलं वाढवली," ते म्हणाले. "एकट्याने."

"नऊ, आणि एकट्याने?" बायको मला मराठीत म्हणाली. "मोठाच पराक्रम की रे."

मग तिने वाकून कप उचलला आणि त्याखालची अक्षरं वाचली. 'त्यांची पत्नी', एवढंच कोरलेलं होतं.

"तुम्ही खापरपणजीवर बसलाय," ती त्यांना इंग्रजीत म्हणाली. "पाटीवर तिचंही नाव घालत असाल तर आत्ता सही करते. काय नाव होतं?"

गृहस्थ बसल्या जागीच आठवत राहिले. मग उठले, आणि आधी आपली पँट झटकली.