हात वर

खुल्या तुरुंगाच्या शेतावरून मी भरताची वांगी उचलायचो. तिथला एक कैदी मला वांगी तोलून द्यायचा. मी घासाघीस करताना कितीही भडकलो तरी त्याचं एकच, "तुम्ही म्हनशात तसं, भाऊ." साधं पाणी प्यायलाही तो परवानगी मागायचा. तुरुंगाचे साहेब मात्र ऐटीत सांगायचे, "सुटकेसाठी एकदम तयार केलाय!"

सुटल्यावर त्याला मी पारोळ्याला माझ्या गाळ्यावर कामाला बोलावलं. आला, पण शटर सताड उघडं असूनही बाहेर उन्हातच थांबला.

"अरे, आत ये ना!" मी खेकसलो.

आत येऊन त्याने चपला काढल्या आणि झडतीसाठी दोन्ही हात वर केले. ही साहेबांची तयारी! माझं डोकंच फिरलं.

"हात खाली घे!"

"दोन्ही घेऊ का, भाऊ?"