चौथी फेरी

ॲडलेडच्या विधानभवनात खालच्या सभागृहापासून वरच्या सभागृहापर्यंत बेरिल ट्रेगेन्झाची छप्पन्न पावलं होत. एकतीस वर्षं तिनं विधेयकं आणि निरोपाचे कागद असे इकडून तिकडे पोचवले. विधेयक कुत्र्यांच्या परवान्याचं असो की तुरुंगांचं, चाल तीच आणि चेहराही तोच. कागदाची घडी उघडून बघायची नाही हा नियम तिनं कधी मोडला नाही. मला विचाराल तर एवढी सरळ बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती. राज्याचा कारभार आमच्या बायकोच्या बुटांवर चालतो, अशी तिचा नवरा लाइल थट्टा करायचा.

मग धुळीचं विधेयक आलं. लाइलनं तरुणपणी ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापले होते, ती धूळ छातीत बसली होती. आता चार पायऱ्या चढताना तो दोनदा थांबायचा. हा आजार कामामुळेच जडला हे भरपाईसाठी कामगारानं सिद्ध करत बसायचं नाही, असं ते विधेयक म्हणत होतं. लाइलचा कारखाना केव्हाच बंद पडला होता, कागदपत्रांचा पत्ता नव्हता. सिद्ध करणार कशाच्या जोरावर?

खालच्या सभागृहानं ते मंजूर केलं, बेरिलनं वर नेलं. वरच्यांनी दुरुस्ती घातली: पंच्याहत्तर सालाआधीच्या कामगारांना ही सवलत नको. म्हणजे लाइल बाहेर. तो निरोपही तिनंच खाली आणला. खालच्यांनी दुरुस्ती धुडकावली, ते सांगायला ती पुन्हा वर गेली. निवडणुकीआधीचा तो शेवटचा दिवस. आता अडलं तर विधेयक तिथंच संपणार होतं.

वरच्या सभागृहाचे सचिव ग्रेनफेल यांनी उत्तराचा कागद तिच्या हाती दिला. "सावकाश जा, बेरिल," ते म्हणाले. एकतीस वर्षांत ते असं कधी बोलले नव्हते. घडी अंगठ्याखालीच होती, पण तिनं उघडली नाही. नेहमीच्याच चालीनं ती खाली पोचली.

अध्यक्षांनी चष्मा चढवून वाचलं: वरचं सभागृह आपल्या दुरुस्तीचा आग्रह धरत नाही.

बेरिल मान लववून बाहेर आली आणि चहाच्या खोलीचं दार लावून ढसाढसा रडली बिचारी. मग तिनं घरी फोन लावला.

"झालं मंजूर," ती म्हणाली. "तू आहेस त्यात."

पलीकडून बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग लाइलनं विचारलं, "म्हणजे कायदा झाला?"

"राज्यपालांची सही राहिलीय. आठ-दहा दिवसांत होईल."

"थांबतो की तेवढं," लाइल म्हणाला.