पाण्यात पडलेल्याचं काय झालं?

एकाहत्तरच्या लढाईत माझा धाकटा भाऊ विमानं वाहणाऱ्या बोटीवर होता. वैमानिक नाही, विमानाच्या चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे आणि उडायच्या वेळी ओढून घ्यायचे, हे त्याचं काम. आईनं पिशोर आणि औरंगाबाद सोडून काही पाहिलं नव्हतं, समुद्र तर नाहीच. अशात टॉकीजला तसल्याच बोटीवरच्या वैमानिकांचा इंग्रजी सिनेमा लागला. मी नको नको म्हणत होते. तेव्हा रेडिओवर बातम्या लागल्या तरी मी उठून बाहेर जायचे. पण आई हट्टाला पेटली. "बघू तर दे, लेकरू कुठं उभं राहतं ते."

सकाळच्या खेळाला बायकांच्या बाकांवर आम्ही दोघीच. पडद्यावर विमानं सुटत होती, पुढं बसलेली पोरं शिट्ट्या मारत होती. आई देखण्या वैमानिकांकडं ढुंकूनही बघेना. ती पंखांखालून वाकून पळणाऱ्या खलाशांवर डोळे लावून बसलेली. वादळात त्यांतला एक घसरला आणि थेट काळ्या पाण्यात गेला. तेवढ्यात नायकाचं विमान बोटीवर उतरलं, टाळ्या पडल्या. आईनं माझं मनगट धरलं.

"त्याचं काय झालं?"

"दाखवतील पुढं," मी म्हटलं. मलाही तेच हवं होतं.

पुढं काही दाखवलं नाही. नायकाचं लग्नसुद्धा लागलं. दिवे लागले तरी आई उठेना. तिला सवय पोथीची. पोथीत कुणाला असं मधेच सोडत नाहीत, हरवलेलं वासरूही अध्याय संपायच्या आत सापडतं. झाडूवाली आली तेव्हा आई तिला म्हणाली, "थांब गं बाई, एक जण पाण्यातून वर यायचा हाय." एरवी मी हसले असते. त्या दिवशी तिथंच रडायला लागले.

लढाई संपली. भाऊ रजेवर आला, वाळलेला पण धडधाकट. त्याचा पहिला घास तोंडात जायच्या आत आईनं विचारलं, "तू पाण्यात पडला असतास, तर कुणाला कळलं असतं का रे?"

"व्हय की. माझ्या जोडीदाराला. त्याच्यावर माझी नजर, माझ्यावर त्याची. तसंच ठरलेलं असतं."

मला हायसं वाटलं. आईला नाही. वाढायची भाकरी हातात तशीच धरून ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "त्याला चष्मा तर नाय ना?"