गुड फ्रायडेच्या शिव्या

शेजारच्या ओनोरीनच्या हातचा न्गालाख खाल्ला की दुसऱ्या कुणाचाही खळ वाटतो. बाजरीच्या कण्या, शेंगदाण्याचं कूट, गोरखचिंचेचा गर, साखर. आमच्या थिएस शहरातल्या सगळ्याच ख्रिश्चन बायका करतात, पण ही बाई वेगळीच. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिच्या अंगणात घमेलं मांडलं की आम्हा मुसलमानांची पोरं बादल्या घासायला लागतात. तबास्कीला, म्हणजे बकरी ईदला, आमच्या मेंढ्याची तंगडी तिच्याकडे, गुड फ्रायडेला तिची बादली आमच्याकडे.

आणि वर शिव्या, त्या बारा महिने. माझ्या सासूबाई, पेंडा, तुकुलेर जमातीच्या, ओनोरीन सेरेर. या दोन जमातींत थट्टेचं नातं, बापजाद्यांपासूनचं. वाट्टेल ते बोलावं, रागवायचं मात्र नाही. सकाळ झाली की भिंतीवरून सासूबाई सुरू.

"ए भातखाऊ! उठलीस का, की मालकिणीनं येऊन उठवू?"

"मालकीण म्हणे! दूधचोरांची अवलाद! माझ्या आज्याच्या गोठ्यात शेण काढायचे तुमचे!"

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी घाबरून मी नवऱ्याला उठवलं. तो कूस बदलून म्हणाला, "झोप गं, विचारपूस चाललीय."

मग सासूबाई हजला गेल्या, आणि इकडे ओनोरीनचा नवरा बेनुआ वारला. सासूबाई परतल्या त्या जीभ धुऊनच. आता तोंडातून वावगा शब्द निघायचा नाही म्हणाल्या. तशाच ओनोरीनकडे गेल्या, मान खाली घालून बोलल्या, "ओनोरीनबाई, देव तुम्हाला धीर देवो."

ओनोरीन बघतच राहिली. "आभारी आहे," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून भिंत गप्प.

गुड फ्रायडे तोंडावर आला तरी घमेलं निघेना. वर कळलं, ईस्टर झाला की ओनोरीन घर बंद करून भावाकडे फातिकला चालली, कायमची. मला भडभडून आलं. मी सासूबाईंना म्हटलं, "जा ना, काहीतरी बोला तिच्याशी!"

"काय बोलू? दुःखातली बाई ती."

शेवटी खजूर घेऊन निघाल्या. मीही मागोमाग.

"या, बसा हाजीणबाई," ओनोरीननं खुर्ची पुसून दिली. "तुमची तब्येत बरी ना?"

सासूबाईंचा चेहरा पडला. इकडे तिकडे बघताना कोपऱ्यातलं घमेलं दिसलं. त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

आणि मग गेली ती मक्केची धुलाई पाण्यात!

"अगं ए गुलामे! न्गालाखाच्या घमेल्यात कोंबडी? आळशी, भातखाऊ, ऊठ आधी! फातिकला जाते म्हणे! मालकिणीला विचारलंस?"

मी डोळेच मिटले.

ओनोरीन ताडकन उठली. "आत्ता तोंड फुटलं होय गं चोरटे? बेनुआ गेल्यापासून सगळी गल्ली माझ्याशी दबक्या आवाजात बोलते, जशी काही मीच मेलेय! म्हटलं, येऊ दे माझी दूधचोर, ती तरी झापेल. आणि तू आलीस ती अहो-जाहो करत!" आणि हमसून हमसून रडायला लागली. सासूबाईही रडल्या. रडता रडता एकमेकींच्या सात पिढ्या काढत होत्या. जीव भांड्यात पडला माझा.

"हजचं काय आता?" घरी येताना मी चिमटा काढलाच.

"गप गं. अल्लाला कळतं, त्या शिव्या नव्हेत."

कोंबडीची रवानगी टोपलीत झाली. शुक्रवारी बादली आली, नेहमीपेक्षा मोठी. पण फातिकचं काय, ते विचारायला कुणी धजेना. सासूबाईंनी तिसरा वाडगा चाटूनपुसून संपवला आणि भिंतीपाशी जाऊन ओरडल्या, "अगदीच मिळमिळीत गं! पुढच्या वर्षी साखर जास्त घाल, गुलामे!"

पोरांचे चमचे थांबले. सासूबाईंनी भिंत घट्ट धरली होती.

"पुढच्या वर्षी साखर तूच आणून दे, चोरटे!"