नवस माझा, उपास तिचा

देवाची कृपा कशी झाली हे लोक सांगू लागले की मी गप्प ऐकत बसतो. कृपा माझ्यावरही झाली. पण ती सांगायची तर आधी माझी लाज सांगावी लागते, म्हणून इतकी वर्षं तोंड उघडलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मरोळला एका कारखान्यात फिटर होतो, घर बोरिवलीला. बायकोच्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टरांनी किरणांचा शेक घ्यायला सांगितलं. मी शंकराला नवस बोललो, की गाठ जाईपर्यंत घरात मासळी शिजणार नाही आणि सोळा सोमवार आम्ही दोघंही करू. माझ्या भीतीला तेवढं पुरेना. सोमवाराला गुरुवार जोडला, मग चतुर्थी, मग एकादशी. ही आधीच अंगावरून रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक पडलेली. "अहो, चक्कर येते," म्हणायची. मी म्हणायचो, "देवाचं आहे, बाधत नाही."

गोराईहून खाडी ओलांडून येणारी रोझीमावशी बारा वर्षं आमच्या दारात मासळीची पाटी उतरवत होती. डोक्यावरच्या पाटीला हात लावायला हीच जायची. तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, एक वाटा मावशी हिच्यासाठी राखून ठेवी. तिला मी सांगितलं, "या दारात आता पाटी टेकवू नकोस. घरात व्रत आहे." ती पाटी डोक्यावर घेऊन तशीच पुढे गेली.

शेक सुरू करण्याआधी हिचं रक्त तपासलं, ते फारच कमी निघालं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं, "गाठ भराभर वाढते, पण तिच्या आत रक्त नीट पोचत नाही. आतला भाग प्राणवायूवाचून गुदमरलेला असतो आणि तिथे किरणांचा जोर चालत नाही. त्यात यांच्या अंगातच रक्त नाही. आधी रक्त चढवू, नाहीतर शेक वाया जाईल." मग त्यांनी विचारलं, "जेवण व्यवस्थित आहे ना?"

"सगळं खाते," मी म्हणालो.

हिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

दोन बाटल्या रक्त मिळणार होतं, त्या बदल्यात दोघांनी रक्त द्यायचं असा इस्पितळाचा नियम. तो सोमवार होता. रक्त घेणाऱ्या माणसाने विचारलं, "काय खाल्लंय?" मी जरा ऐटीतच म्हणालो, "उपास आहे." तो म्हणाला, "मग उपयोग नाही. खाऊन या." समोर कँटीन होतं. मी बाकावर बसून राहिलो. बायकोचा जीव आणि माझा सोमवार यांतलं एक मला निवडता येईना. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

तासाभराने पाहतो तर रोझीमावशी समोर उभी. शेजारणीकडून तिला कळलं होतं. तिने आत जाऊन दंड पुढे केला. "माझं घ्या. मी जेवून आलेय." बाटली भरून झाल्यावर माझ्याजवळ बसली आणि डबा उघडला. भात आणि तिसऱ्यांचं कालवण. "खा. दुसरी बाटली तुला द्यायचीय."

"मावशी, आज सोमवार," मी पुटपुटलो.

"तुझा देव रागावला तर मना धाडून दे त्याच्याकडे."

मी खाल्लं. खाताना रडलो, आणि तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुपारी रक्त दिलं. मग डॉक्टरांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं.

गाठ हळूहळू विरली. रक्ताने, किरणांनी की आणखी कशाने, यावर मी वाद घालत नाही. त्या बाकावर ती बाई ज्याने पाठवली त्याला मी ओळखतो, एवढंच म्हणतो. मी त्याला शरण गेलोय असं समजत होतो. खरं तर सौदा करत होतो, तोही दुसऱ्याच्या पोटावर.

वर्षभराने एकदा ही विळीवर तिसऱ्या फोडत बसली होती. मी धीर करून विचारलं, "डॉक्टरांसमोर तू खरं का बोलली नाहीस?"

मान वर न करता ती म्हणाली, "खाल्लं असतं आणि गाठ राहिली असती, तर तुम्ही जन्मभर मला दोष दिला असता. उपाशी गेले असते, तर निदान देवाला दिला असता."

आजही देवापुढे हात जोडतो, पण आता काही मागत नाही आणि काही कबूलही करत नाही. दारात रोझीमावशीची हाक आली की पाटीला हात लावायला मी उठतो.